कॉर्सला शिव्या घालणाऱ्यांसाठी

‘पोस्टमनमध्ये एपीआय चालतो, कर्लने चालतो, मग क्रोममध्येच का अडतो? कॉर्स हा निव्वळ जाच आहे. सर्व्हरवर तारांकन टाका आणि पुढे चला.’ एक अनुभवी गृहस्थ नवशिक्यांना हा उपदेश आत्मविश्वासाने करतात, म्हणूनच त्याची चीड येते.

पोस्टमनचा दाखला मुळातच गैरलागू आहे. पोस्टमनमध्ये तुम्ही स्वतः लिहिलेली विनंती जाते. ब्राउझर मात्र दिवसभर परक्यांचा कोड चालवतो, आणि त्याच्याच जवळ तुमच्या लॉगिनच्या कुकीज असतात. अनोळखी पानावरच्या स्क्रिप्टने तुमच्या मेलच्या सर्व्हरला विनंती केली, तर तिच्यासोबत त्या कुकीज जाऊ शकतात. आलेलं उत्तर त्या स्क्रिप्टला वाचू न देणं, हे सेम-ओरिजिन धोरणाचं काम. प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ओरिजिन एक. हा नियम नेटस्केप नॅव्हिगेटर २ च्या काळापासूनचा, जवळजवळ जावास्क्रिप्टइतकाच जुना. कॉर्स त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला. डब्ल्यूथ्रीसीची शिफारस २०१४ची. आणि तो आला तो हा नियम सैल करायला! अडवतो तो जुना नियम, परवानगी देतो तो कॉर्स, आणि शिव्या खातो तोही कॉर्सच.

कुकीज पाठवायच्या असतील तर परवानगीच्या हेडरमधलं तारांकन, म्हणजे ‘कुठलाही ओरिजिन चालेल’, ब्राउझर मानतच नाही. मग या गृहस्थांचा पुढचा तोडगा निघतो: जो ओरिजिन येईल तोच हेडरमध्ये परत पाठवा आणि क्रेडेन्शियल्सना ‘ट्रू’ म्हणा. म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची माहिती कुठल्याही साइटला खुली. जेएसओएनपीच्या दिवसांतही हीच मंडळी ‘चालतंय ना’ म्हणत दुसऱ्याच्या सर्व्हरवरची स्क्रिप्ट आपल्या पानावर बेधडक चालवत होती.

खऱ्या विनंतीआधी ब्राउझर सर्व्हरकडे परवानगी विचारतो, त्या प्रीफ्लाइटमुळे वेळ जातो? अ‍ॅक्सेस-कंट्रोल-मॅक्स-एज हेडर लावा.

कॉर्स म्हणजे संपूर्ण सुरक्षा नव्हे, हे मान्य. साधी पोस्ट विनंती सर्व्हरपर्यंत पोचतेच. म्हणून सीएसआरएफ टोकन, सेमसाइट कुकी आणि सर्व्हरवरची अधिकारतपासणी हवीच. परवानगीच्या ओरिजिनची यादी ठेवा, पूर्ण नाव जुळवा, शेवटची अक्षरं जुळली म्हणून आत घेऊ नका. तारांकन फक्त खरोखर सार्वजनिक माहितीला लावा. डेव्हलपमेंटसाठी प्रॉक्सी वापरा. आणि तो उलट पाठवलेला ओरिजिन तुमच्या कोडमध्ये असेल, तर आजच काढून टाका.