रेणूचे शिंपीकाम आणि खानदेशातली संगणक खोली

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी ६,००३ कोटी रुपये मंजूर केले. सप्टेंबर २०२४ मध्ये तीन 'परम रुद्र' महासंगणक देशाला अर्पण झाले, त्यांतला एक पुण्याच्या वाट्याला आला. अशा बातम्यांत 'नवी औषधे लवकर सापडतील' हे वाक्य असतेच. पण शिरपूर, धुळे किंवा जळगावच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात संशोधन करणाऱ्या मुलामुलींपर्यंत त्यातले किती पोहोचेल?

तिथे आज प्रामुख्याने चालते ते 'डॉकिंग'. औषधाचा रेणू शरीरातल्या प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल, हे संगणकावर पाहायचे. साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत उत्तर येते. पण त्यात अणू म्हणजे जवळपास चेंडू आणि बंध म्हणजे स्प्रिंग मानलेले असतात. इलेक्ट्रॉनांचा हिशेब नसतोच. तो हवा असेल तर क्वांटम रसायनशास्त्राकडे जावे लागते, आणि तिथे गाडी अडते.

अडते ती खर्चामुळे. या शास्त्रातली सर्वांत भरवशाची मानली जाणारी 'कपल्ड क्लस्टर' पद्धत घ्या. रेणू दुप्पट मोठा झाला की काम दुप्पट नव्हे, १२८ पट होते. हळदीतल्या कर्क्युमिनमध्ये ४७ अणू असतात, प्रथिनात हजारो. यंत्र दहापट वेगवान आणले तरी रेणू जेमतेम दीडपटीपेक्षा थोडा कमीच मोठा घेता येतो. नुसत्या यंत्रांवर पैसा ओतून हे गणित सुटत नाही.

ते सोडवण्याची एक वाट पुण्यातच निघाली होती. पुणे विद्यापीठातील प्रा. श्रीधर गद्रे यांनी शिरसाट आणि लिमये या सहकाऱ्यांसह १९९४ मध्ये 'मॉलिक्युलर टेलरिंग' ही पद्धत मांडली. नाव अगदी चपखल आहे. शिंपी कापड तुकड्यांत कापतो, शिवणीसाठी थोडी माया जास्त ठेवतो आणि मग जोडतो. इथे मोठा रेणू एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करून कापायचा, प्रत्येक तुकड्याचे गणित वेगळे करायचे, सगळी उत्तरे मिळवायची आणि दोनदा मोजला गेलेला सामाईक भाग वजा करायचा. शाळेतल्या संचांच्या गणितातली हीच युक्ती. सुरुवातीला तिचा उपयोग रेणूभोवतीचे विद्युत गुणधर्म काढण्यासाठी झाला. पुढे २००६ च्या सुमारास मोठ्या रेणूंची ऊर्जा आणि आकारही तिने काढता येऊ लागले.

फायदा किती? शंभर अणूंची साखळी २८-२८ अणूंच्या पाच तुकड्यांत कापली, शेजारच्या तुकड्यांत दहा अणू सामाईक ठेवले, तर वरच्या नियमाने काम सुमारे दीड हजाराव्या भागावर येते. दोन महिन्यांचे काम तासाभरात. प्रत्यक्षात इतके सरळ नसते, पण फरकाची जात हीच.

केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण. केळे पिकते तेव्हा त्यातल्या स्टार्चची साखर होते. या शर्करा-रेणूंत ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. एकाच रेणूच्या आतला असा बंध सुटा काढून मोजता येत नाही. मिलिंद देशमुख, गद्रे आणि बार्टोलोटी यांनी याच कापाकापीतून त्याची ताकद काढली, आणि एका बंधाच्या आधाराने शेजारचा बंध बळकट होतो हेही २००८ मध्ये दाखवले.

कात्री सगळीकडे चालत नाही. कर्क्युमिनमध्ये इलेक्ट्रॉन लांबवर पसरलेले असतात. तिथे मध्येच कापले की जे मोजायचे तेच बिघडते. धातूंचेही तसेच. शिवणीच्या चुका दुरुस्त करायला पुढे 'कलम' करण्याची पद्धत आली: चुकीचा अंदाज साध्या, स्वस्त गणितातून घ्यायचा आणि महागड्या उत्तराला जोडायचा. पाण्याच्या रेणूंच्या मोठ्या पुंजांवर ती वापरली गेली.

क्वांटम संगणक हे सारे निकालात काढतील, असे सांगितले जाते. गुगलच्या यंत्राने २०२० मध्ये केलेल्या गाजलेल्या रासायनिक गणनेत बारा हायड्रोजन अणूंची साखळी होती. औषधापर्यंतचे अंतर त्यावरून ताडावे. अधिक जवळची घडामोड मे २०२५ ची आहे: मेटा कंपनी आणि अमेरिकी प्रयोगशाळांनी दहा कोटींहून अधिक क्वांटम गणनांचा साठा खुला केला. त्यावर शिकवलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे फार कमी वेळात उत्तर देतात. मात्र तो साठा सुमारे ३५० अणूंपर्यंतचा आहे, आणि आपल्या वनस्पतीतल्या विशिष्ट रेणूवर प्रारूप बरोबर बोलते का, हे कुणीतरी खरे गणित करून तपासायलाच हवे.

ते तपासण्याचे काम खानदेशात होऊ शकते, असे मला वाटते. कारण तुकड्यांची गणिते एकमेकांवर अवलंबून नसतात. एका महासंगणकाऐवजी तीस साध्या संगणकांवर ती वाटता येतात, प्रत्येकाला मेमरीही कमी लागते. महाविद्यालयाची संगणक खोली संध्याकाळी सहानंतर तशीही कुलूपबंद असते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने पदव्युत्तर रसायनशास्त्राला या विषयाचे एखादे प्रात्यक्षिक जोडले, तर लागणारा खर्च म्हणजे शिकवणारा एक माणूस, रात्रीचे वीजबिल आणि, इथली वीज पाहता, एक बरा इन्व्हर्टर.