पंचाची खुर्ची

पत्त्यांना कॅट लागतो, कॅरमला पावडर लागते आणि आज ज्या खेळाविषयी लिहायचं आहे त्याला एक माणूस लागतो. बाकी सगळं उसनं आणता येतं. फासे नसतील तर चिठ्ठ्या काढून भागतं, नकाशा नसेल तर वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काढता येतो. तो माणूस नसेल तर मात्र खेळ सुरूच होत नाही. आणि हल्ली नेमक्या त्याच माणसाच्या खुर्चीवर यंत्राला बसवावं की काय, अशी चर्चा या खेळाच्या शौकिनांत जोरात आहे. मीही त्यातलाच एक शौकीन, त्यामुळे माझंही एक मत आहे.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. २०१६ साली आलेली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका ज्यांच्या घरी पाहिली गेली, त्यांना तळघरात टेबलाभोवती बसून आरडाओरडा करणारी चार मुलं आठवतील. ती हाच खेळ खेळत असतात. चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एक सोंग घेतो. कुणी तलवारबाज, कुणी जादूगार, कुणी कुलपं उघडण्यात पटाईत चोर. एक जण मात्र कुठलंच एक सोंग घेत नाही, कारण उरलेलं सगळं जग त्यालाच उभं करायचं असतं. इंग्रजीत त्याला डंजन मास्टर म्हणतात, आमच्या टेबलावर आम्ही त्याला सूत्रधार म्हणतो. “तुम्ही पुलापाशी आलात. पलीकडे एक राक्षस बसलाय. काय करता?” एवढं तो विचारतो. उत्तर काहीही असू शकतं. लढू, पळू, नदी पोहून जाऊ, नाही तर राक्षसाला जेवायला बोलावू. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. कुठलाही एक आकडा पडण्याची शक्यता पाच टक्के. सूत्रधाराने ठरवलेल्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त पडला तर जमलं, नाही तर फसलं.

या खुर्चीचा इतिहास मोठा रंजक आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळायच्या युद्धखेळाचे नियम छापले. त्यात दोन बाजूंच्या मध्ये एक पंच असे. नियम इतके वाढले की खेळ रेंगाळू लागला. तेव्हा १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्नवा या सेनाधिकाऱ्याने सुचवलं की कोष्टकं बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावर सोडा. पुढे अमेरिकेत मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधल्या युद्धखेळाच्या शौकिनांनी हा पंच उचलला. मिनेसोटाचे डेव्ह आर्नसन आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावचे गॅरी गायगॅक्स या दोघांनी १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स छापलं. पहिल्या आवृत्तीच्या प्रती जेमतेम हजार. आज तो खेळ हॅस्ब्रो या खेळणी कंपनीच्या मालकीचा आहे आणि जगभर खेळला जातो. दोनशे वर्षांत नियम कितीदा बदलले, पण पंचाची खुर्ची कुणी हलवली नाही. कारण साधं आहे. खेळाडू काय करील याला मर्यादा नसेल, तर सगळी उत्तरं नियमपुस्तकात मावत नाहीत.

आपल्या भागातल्या वाचकांना हे फार परकं वाटू नये. किनारी कर्नाटकातल्या ताळमद्दळेत वेषभूषा नाही, नाच नाही. कलाकार बसून एकेका पात्राच्या तोंडून तिथल्या तिथे बोलतात, समोरच्याच्या मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देतात, आणि भागवत पदं गाऊन कथा पुढे नेतो. सिंधुदुर्ग-गोव्याच्या दशावतारातही संवाद हजरजबाबीपणावरच चालतात. कथा सगळ्यांना ठाऊक, शब्द मात्र त्या रात्रीचे. आमच्या खेळात कथेचा शेवटही ठाऊक नसतो, एवढाच काय तो फरक.

आता यंत्राकडे वळू. २०१९ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या निक वॉल्टन या विद्यार्थ्याने ‘एआय डंजन’ नावाचा खेळ काढला. तुम्ही वाक्य टाइप करायचं, पुढची गोष्ट यंत्र लिहिणार. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि हे कौतुक घरोघरी पोचलं. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या क्रिस कॅलिसन-बर्च आणि सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात डंजन्स अँड ड्रॅगन्स हे कृत्रिम बुद्धिमत्तेपुढचं आव्हान म्हणून मांडलं. मला ते पटतं. बुद्धिबळात १९९७ साली यंत्राने कास्पारोव्हला हरवलं, ‘गो’ या खेळात २०१६ साली ली सेडोलला. पण आमच्या खेळात कुणी कुणाला हरवायचंच नसतं, तिथे यंत्राने जिंकायचं तरी काय?

यंत्राची बाजूही मांडायला हवी. सूत्रधाराला दर आठवड्याला गावांची नावं, सरायांचे मालक, जुनी भांडणं, दरवाजावरची कोडी असा बराच शिधा लागतो. तो जमवायला यंत्र उत्तम गडी आहे. इंग्रजी नियम मराठीत किंवा कन्नडमध्ये सोपे करून सांगतं. ज्याच्या गावात चार शौकीन जमत नाहीत, त्याला एकट्याने सराव करता येतो. हॅस्ब्रोचे प्रमुख क्रिस कॉक्स यांनी २०२४ साली जाहीरपणे सांगितलं की आपल्याबरोबर खेळणारे सगळेच कुठे ना कुठे यंत्राची मदत घेतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. भाजी चिरायला यंत्र वापरलं म्हणून स्वयंपाक यंत्राचा होत नाही.

पण वाढायला कोण बसणार, हा प्रश्न वेगळा. माझं मत स्पष्ट आहे. यंत्राने तयारी करावी, पंचाच्या खुर्चीवर बसू नये. निदान मुलं खेळत असताना तरी नाहीच. कारणं तीन.

पहिलं म्हणजे पंचाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. ही यंत्रं घडवताना माणसांना कुठलं उत्तर आवडलं हे पाहून त्यांना वळण लावलं जातं, आणि त्यातून होला हो मिळवण्याची खोड लागते. २०२५च्या एप्रिलमध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीतली एक नवी सुधारणा मागे घ्यावी लागली, कारण ते वापरणाऱ्याची अति खुशामत करू लागलं होतं. टेबलावर हे कसं दिसतं? मी म्हणावं, “माझ्या झोळीत आधीपासून दोरी होती,” आणि यंत्राने म्हणावं, “वा, छान, दोरी काढा!” फाशाचंही तेच. वेगळी सोय जोडलेली नसेल तर यंत्र फासा टाकत नाही, वाक्यात शोभेलसा आकडा लिहितं. आमच्या टेबलावर एका मुलाचा सात महिने जपलेला योद्धा एका रविवारी ‘दोन’ पडल्यामुळे मेला. मुलगा रुसला, न खाता घरी गेला. पुढच्या रविवारी नवं पात्र घेऊन हजर. सगळ्यांसमोर हरायचं आणि पुन्हा त्याच लोकांत येऊन बसायचं, हे शिक्षण होला हो करणाऱ्याकडून मिळत नाही.

दुसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. पंचाला समोर कोण बसलंय हे दिसतं. आमच्या गटात आठवीतली एक मुलगी होती. तिचे अज्जा जाऊन तीनच आठवडे झाले होते. त्या रविवारच्या तयार गोष्टीत गावातला म्हातारा वैद्य पहिल्या तासातच मरायचा होता. सूत्रधाराने तिला दारातून आत येताना पाहिलं आणि म्हातारा वाचला. कुणाला काही सांगितलं नाही. वैद्य नुसता आजारी पडला, बाकीची मंडळी औषधी मुळी शोधायला निघाली. ती मात्र म्हणाली, “मी इथेच बसते त्यांच्यापाशी.” मग ती वैद्याशी कन्नडमध्ये बोलू लागली. टेबलावर ती एरवी मराठीतच खेळायची, पण अज्जांशी घरी कन्नडच असायचं. सूत्रधाराचं कन्नड मोडकंतोडकं, तरी त्याने वैद्याच्या तोंडून तसंच उत्तर दिलं. पाव तास कुणी फाशाला हात लावला नाही.

यंत्राला कल्पना दिली असती तर त्यानेही म्हातारा वाचवला असता, हे मान्य. पण कल्पना देणार कोण? ती मुलगी देणार नव्हती. असल्या गोष्टी सांगून कळत नाहीत, चेहऱ्यावरून कळतात.

तिसरं कारण हिशेबाचं. ही यंत्रं असंख्य माणसांच्या लिखाणावर आणि चित्रांवर तयार झाली आणि त्यातल्या बहुतेकांना कुणी विचारलं नव्हतं. या खेळाच्या पुस्तकांचा अर्धा जीव चित्रांत असतो. २०२३च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याच एका नव्या पुस्तकात चित्रकाराने यंत्राची मदत घेतल्याचं शौकिनांच्या लक्षात आलं. गदारोळ झाला आणि प्रकाशकांना चित्रकारांसाठी असा वापर बंद असल्याचं जाहीर करावं लागलं. शिवाय मुलं सोंगाच्या आडून मनातलं बरंच बोलतात. टेबलावर बोललेलं टेबलावर राहतं. २०२१ साली ‘एआय डंजन’मधल्या काही खासगी गोष्टी तपासणीसाठी कंपनीची माणसं वाचू शकतात हे कळल्यावर खेळणारे फार चिडले होते. आईबापांनी हे लक्षात ठेवावं.

कुणी म्हणेल, चांगला सूत्रधार मिळतो कुठे? खरं आहे. पण तो मिळत नाही, घडतो. पहिल्या दिवशी तो अडखळतो, नियम विसरतो, मुलं त्याला वेठीला धरतात. चौथ्या-पाचव्या बैठकीला त्याला कुणाला कधी बोलतं करायचं हे उमगायला लागतं. ती खुर्ची यंत्राला दिली, तर हे शिकण्याची जागाच घरातून गेली.

तेव्हा मंडळी, येत्या सुटीत करून पाहा. नियमांचा मूळ भाग प्रकाशकांनी फुकट खुला केला आहे, तो उतरवून घ्या. वीस बाजूंचा फासा नसेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात घाला. गावांची नावं यंत्राकडून घ्या, खुशाल. नंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. खुर्चीवर घरातल्या अशा कुणाला तरी बसवा ज्याला गोष्ट सांगायचा कंटाळा नाही: मावशी, काका, दहावी झालेली ताई, नाही तर अज्जी. भाषा ठरवू नका. कुणी “नोडोण” म्हणेल, कुणी “बघूया” म्हणेल. राक्षसाला दोन्ही कळतं.