चेहरा दिसतो, सूचना कळत नाही

सरकारी जाहिरातींच्या चित्रफिती पाहताना एक गोष्ट आम्हांस नेहमी जाणवते. प्रारंभी बोधचिन्ह, शेवटी बोधचिन्ह, मध्ये हसरे चेहरे, आणि योजनेच्या नावातच ‘प्रधानमंत्री’ किंवा ‘मुख्यमंत्री’. यात सहसा कसूर होत नाही. मात्र मदतीचा दूरध्वनी क्रमांक सांगण्याची वेळ आली की निवेदक खुशाल म्हणतो, ‘पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर संपर्क साधा.’ ज्याला पडदाच दिसत नाही त्याने काय करावे? आणि ज्याला निवेदक ऐकू येत नाही, त्याने त्या हसऱ्या चेहऱ्यांवरून कोणता बोध घ्यावा?

हा प्रश्न सौजन्याचा नाही, कायद्याचा आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. दृश्याचे तोंडी वर्णन, सांकेतिक भाषेतील निवेदन आणि बोललेल्या शब्दांची अक्षरपट्टी यांची व्यवस्था करण्याचे कर्तव्य त्याच्या कलम ४२ ने सरकारवरच टाकले आहे. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे ५० लाख आणि दृष्टिदोष असलेलेही तितकेच लोक नोंदले गेले. ही संख्या उपेक्षा करण्याजोगी आहे काय?

आता चेहऱ्यांची तत्परता पाहा. १३ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचीच छायाचित्रे असावीत, असा निर्णय दिला. त्याबरोबर केंद्र आणि काही राज्य सरकारे फेरविचारासाठी न्यायालयात धावली, आणि १८ मार्च २०१६ रोजी राज्यपाल, मुख्यमंत्री व संबंधित खात्यांचे मंत्री यांनाही मुभा मिळाली. वर्षही लागले नाही. पश्चिम बंगालमध्ये घरकुल योजनेचे नाव बदलल्याच्या आक्षेपावरून केंद्राशी वाद पेटला आणि निधी अडला. इतर कारणेही होती, परंतु नाव हे त्यांतील एक होते. अक्षरपट्टी नाही म्हणून कोणा खात्याचा निधी अडल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही. चर्चमधील बाकावरही दात्याचे नाव असतेच. पण तो बाक निदान दात्याच्या पैशाने केलेला असतो, आणि त्यावर कोणालाही बसता येते.

मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर ही गोष्ट जिवाशी येते. हवामान खात्याचे इशारे पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत असतात. नकाशा लाल होतो, मागे गंभीर संगीत वाजते आणि चित्रफीत संपते. दृष्टिहीनाच्या पदरी पडते ते केवळ संगीत. कर्णबधिर माणूस इतरांच्या बरोबरीने रापणीचा दोर ओढतो, होडी लोटतो. ‘समुद्रात जाऊ नये’ हे वाक्य पडद्यावर केवळ बोलले गेले, तर ते त्याच्यापुरते उच्चारलेच गेले नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. अशा दिवशी इशारा घरातील दुसऱ्या कोणी समजावून सांगेल यावर विसंबायचे काय? (वादळात वीज गेल्यावर दूरचित्रवाणी काय कामाची, हा आणखी वेगळा प्रश्न.)

खर्च वाढतो, असे कोणी म्हणेल. परंतु निवेदनाची संहिता आधीच लिहिलेली असते. ती पडद्याखाली उमटवण्यास चित्रीकरण पुन्हा करावे लागत नाही. क्रमांक तोंडाने उच्चारण्यास तर काहीच लागत नाही. सांकेतिक भाषेच्या जाणकाराला मानधन द्यावे लागेल, हे खरे. तेही जाहिरातीच्या एकूण खर्चापुढे किती? केवळ अक्षरपट्टीने भागणार नाही, कारण अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा लिखित मराठी नसून सांकेतिक भाषाच असते. तो जाणकारही कोपऱ्यात टिकलीएवढा दाखवू नये. त्याची बोटे दिसली पाहिजेत. अमेरिकेने १९९० च्या अपंगविषयक कायद्यातच संघीय सरकारच्या पैशाने होणाऱ्या दूरचित्रवाणीवरील जनहिताच्या निवेदनांना अक्षरपट्टी बंधनकारक केली. त्यांच्या तिजोरीवर त्यामुळे संकट कोसळले नाही.

आमची मागणी साधी आहे. बोधचिन्ह चुकले तर चित्रफीत जशी परत पाठवली जाईल, तशीच ती अक्षरपट्टी, सांकेतिक भाषा आणि तोंडी वर्णन नसेल तरीही परत जावी. दुरुस्ती होईपर्यंत निर्मात्याचे देयक अडवून ठेवावे. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागू होते. तिच्या सूचनेची चित्रफीत या रीतीने करून मत्स्यव्यवसाय खात्याने प्रारंभ करावा.