मजुरांची मागणी कोठून उपजते?

वसंतपंचमीस बासर येथे श्रीज्ञानसरस्वतीच्या मंदिरात मुलांच्या अक्षराभ्यासासाठी तेलंगण आणि मराठवाडा या दोन्ही मुलखांतून कुटुंबांची रीघ लागते, आणि तेवढ्या दिवसांपुरता पाटी-पेन्सिलीचा दुकानदार, खाणावळीचा मालक, निवासाची व्यवस्था पाहणारा असा जो तो हाताखाली जादा माणूस शोधू लागतो. मजुरी उतरली म्हणून हा शोध सुरू होत नाही; गिऱ्हाईक दाराशी आले म्हणून तो सुरू होतो, आणि यात्रेकरू परतले की जादा माणसालाही घरी जावे लागते. श्रमाची मागणी ही मालाच्या व सेवेच्या मागणीतून उपजते, हे मार्शलने सांगून ठेवलेले तत्त्व, आणि एकंदर खरेदी मंदावली असता केवळ वेतन उतरवून रोजगार वाढत नाही, हे केन्सने 1936 मध्ये मांडलेले प्रतिपादन, आपल्या व्यवसायातील प्रत्येकाने विद्यार्थिदशेतच वाचलेले असते. तरीही बेकारीचा प्रश्न निघाला की आपले अहवाल मजुराच्या वेतनापासून आणि त्याच्या अंगच्या उणिवांपासूनच आरंभ करतात, याचे आम्हांस मनःपूर्वक दुःख होते.

बासरप्रमाणेच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील कागजनगरचे उदाहरण घ्यावे. निजामाच्या अमदानीत उभा राहिलेला तेथील सिरपूर पेपर मिल हा कारखाना 2014 मध्ये बंद पडला. पुढे 2018 मध्ये दिवाळखोरीविषयक कायद्याच्या मार्गाने तो जे. के. पेपर या कंपनीकडे गेला, राज्य सरकारने सवलती देऊ केल्या, आणि यंत्रे पुन्हा फिरू लागली. मधल्या चार वर्षांत गाव तेच होते आणि कागदाचे काम जाणणारी माणसेही तेथेच होती. नव्हते ते खेळते भांडवल आणि कारखाना चालविल्यास तो तगेल असा मालकाचा भरवसा. या दोन गोष्टी परतल्या तेव्हा कामगारांची गरजही परतली. गोदावरीपलीकडे बोधनच्या शक्करनगरात मात्र तसे घडले नाही. 1937 साली स्थापन झालेला, एके काळी आशियातील मोठ्या साखर कारखान्यांत गणला जाणारा निजाम शुगरचा कारखाना 2015 च्या डिसेंबरात बंद झाला, आणि गाळपाच्या कामात मुरलेल्या कुशल हातांना त्यांच्याच गावी कोणी विचारीनासे झाले.

वेतनाला काहीच महत्त्व नाही, असे आमचे म्हणणे नाही. ऊसतोडीत मजूर मिळेनासा वा महाग झाला की कारखानदार तोडणीयंत्राचा हिशेब मांडू लागतो, हे महाराष्ट्रात आपण पाहतच आहोत. परंतु यंत्र घ्यावे की माणूस ठेवावा, हा प्रश्न माल खपेल याची खातरजमा झाल्यानंतरचा आहे. शिवाय मजुराच्या हाती पडलेला पगार बाजारात जाऊन दुसऱ्या कोणाच्या तरी मालाची मागणी होतो, ही गोष्ट एका कारखान्याच्या जमाखर्चात दिसत नसली तरी राष्ट्राच्या जमाखर्चात दिसते. रोजगाराची पाहणी करणाऱ्यांनी ती नजरेआड करणे हा कर्तव्यातील कसूर होय.

म्हणून रोजगार-अधिकारी, कार्मिक-व्यवस्थापक आणि अर्थशास्त्राचे अध्यापक या आमच्या वाचकांना आमची आग्रहाची विनंती आहे, की यापुढे कोणत्याही तालुक्याची पाहणी हाती घेताना कारखानदारास प्रथम त्याच्या हाती असलेल्या मागणीविषयी, कच्च्या मालाविषयी आणि कर्जाच्या व्याजाविषयी विचारावे, आणि मजुराच्या पात्रतेचा रकाना त्यानंतर भरावा.