ताऱ्याचा ताळेबंद आणि पाण्याचा

तारा होण्याइतके वस्तुमान ज्याला लाभले नाही, पण जो ग्रहाहून पुष्कळच भारी आहे, अशा गोलाला खगोलशास्त्रात 'तपकिरी बटू' म्हणतात. 1995 साली 'ग्लीज 229 बी' या गोलाच्या रूपाने त्याचा निःसंदिग्ध पुरावा मिळाला. हा शोध लावणाऱ्या पथकात कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते.

पुढे मात्र हिशेब जुळेना. शेजारच्या ताऱ्याला बसणाऱ्या ओढीवरून या गोलाचे वस्तुमान गुरूच्या सुमारे 70 पट भरले; परंतु इतक्या भारी गोलाला शोभेल एवढा त्याचा प्रकाश नव्हता. दोहोंपैकी एक आकडा चुकीचा ठरवून मोकळे होणे सोपे होते. संशोधकांनी तसे केले नाही. 2024 च्या ऑक्टोबरात उलगडा झाला, की हा गोल एक नसून दोन आहेत. गुरूच्या सुमारे 38 व 34 पट वस्तुमानाचे हे जोडगोल बारा दिवसांत परस्परांभोवती फिरतात. वस्तुमान निम्म्यावर आले, की प्रकाश निम्म्याहून कितीतरी अधिक घटतो. साहजिकच दोघांचा एकत्रित उजेडही मंदच राहतो. दोन्ही मोजमापे खरी होती. खोटे ठरले ते 'एक' हे गृहीत.

आपल्या नियोजनातही असेच घडते. महसूल मंडळाच्या पावसाची नोंद पुरेशी भरते, पण एखाद्या गावची विहीर कोरडीच असते. मग कचेरी विहिरीवर अविश्वास दाखवते आणि शेतकरी आकड्यावर. वास्तविक दोन्ही खरे असू शकतात. अनेक गावे मिळून एकच शिवार, हे गृहीत तेवढे खोटे असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अवर्षणप्रवण हिवरे बाजारने यातून वाट काढली. तेथे पाऊस गावातच मोजला जातो, विहिरींची पातळी स्वतंत्रपणे नोंदवली जाते आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवून पिके ठरवली जातात. पाऊस कमी झाला, तर पिकांना कात्री लागते. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने पाणी अडवले हे सर्वश्रुत आहे. पण अडवलेले पाणी टिकले ते या हिशेबामुळे.

तेव्हा गावोगावी पर्जन्यमापक बसवणे ही केवळ पहिली पायरी होय. त्याची नोंद विहिरीच्या नोंदीशी ताडून पाहण्याची, आणि दोहोंत मेळ बसला नाही तर गृहीतच तपासण्याची सवय शासनाला लागली पाहिजे. सरासरीच्या आड दडलेल्या कोरड्या गावाला तोवर न्याय मिळणे कठीण आहे.