जिताड्याचा फोटो टाका, पण लोकेशन कशाला?

रील साधारण अशी असते. पहाटेचा उजेड, मागे वसईची खाडी, गुडघाभर चिखलात उभा असलेला एक जण आणि त्याच्या हातात आठ-दहा किलोचा जिताडा. खाली कमेंटमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: 'भाऊ, स्पॉट कुठला?' भाऊ दिलदार असतो. पिन टाकतो, भरतीची वेळ सांगतो, वर आमिष कोणतं लावलं तेही सांगतो.

आता यात वाईट काय? खाडी कुणाच्या मालकीची नाही. भाईंदर स्टेशनवर उतरलं की काठ चालत गाठता येतो. गळ टाकून बसणाऱ्याने असे किती मासे नेले?

एकट्याने फार नाही नेले. मामला पिनचा आहे.

खाडीतला मासा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. पुलाचे खांब, खडकाचा आडोसा, मिठागराच्या उघाडीतून पाणी बाहेर पडतं ती जागा, अशा मोजक्या ठिकाणी तो भक्ष्यासाठी थांबतो. ही ठिकाणं कळायला पूर्वी वर्षं जायची. उधाणाला कुठे बसायचं, भांगाला कुठे, कोणत्या वाऱ्यात घरीच थांबायचं, हे बापाकडून किंवा चार वेळा रिकाम्या हाताने परतूनच समजायचं. माशांना खरं संरक्षण होतं ते लोकांच्या या अज्ञानाचं. पिन ते एका मिनिटात काढून घेते.

यात आणखी एक फसगत आहे. खाडीत मासे कमी झाले, तरी उरलेले त्याच खांबापाशी येत राहतात. त्यामुळे तिथे मासा लागत राहतो, रील येत राहतात आणि सगळ्यांना वाटतं, भरपूर आहे की! साठा संपत आल्याचं त्या जागेवरून सर्वात शेवटी कळतं.

त्यात जिताड्याची गोष्ट वेगळीच. हा मासा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे फोटोसाठी छातीशी धरलेला तो दांडगा जिताडा बहुतेक वेळा मादी असते. पावसाळ्याच्या तोंडावर खाडीच्या मुखाकडे जाऊन लाखो अंडी घालणारी. नेमके हेच मासे निवडून काढले, तर पुढची पिढी येणार कुठून? ऑस्ट्रेलियात हाच मासा बॅरामुंडी नावाने ओळखला जातो. तिथल्या क्वीन्सलंड राज्यात 58 सेंटिमीटरपेक्षा लहान बॅरामुंडी ठेवता येत नाही आणि 120 सेंटिमीटरपेक्षा मोठाही नाही. मोठा सोडायचा, कारण ती आई आहे.

महाराष्ट्रात काय नियम आहेत?

2023 मध्ये राज्य सरकारने 54 प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, घोळ 700. त्यापेक्षा लहान पकडायचे नाहीत. पण हा नियम लहान माशांचा आहे, मोठ्या मादीबद्दल तो काही बोलत नाही. 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी असते. 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदाही मुळात नौका आणि जाळी डोळ्यांसमोर ठेवून केलेला. त्यामुळे उत्तनच्या बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, तेव्हा खाडीकाठचे रॉड मात्र जोरात असतात. तेही जिताड्याच्या विणीच्या दिवसांत.

गंमत म्हणजे माशांची जागा सरकारही सांगतं. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून संभाव्य मासेमारी क्षेत्र जाहीर करते. मच्छीमारांचं डिझेल त्यामुळे वाचतं. मग पिनवरच राग का? कारण ते क्षेत्र मोठं असतं, भर समुद्रात असतं आणि दोन-तीन दिवसांत शिळं होतं. बंदीच्या काळात तर हा सल्ला दिलाच जात नाही. पुलाचा खांब मात्र पुढच्या वर्षीही तिथेच असतो, आणि पिनही.

जागेवरून भांडणं उत्तनला नवी नाहीत. डोल जाळी बांधण्यासाठी समुद्रात ज्या कवी मारतात, त्यांवरून उत्तन-वसईचे मच्छीमार आणि सातपाटीकडचे मच्छीमार यांचा वाद कित्येक वर्षं चालू आहे. मिटलेला नाही. पण तिथे निदान दोन्ही बाजूंना सोसायट्या आहेत, बैठकीला कुणाला बोलवायचं ते ठाऊक आहे. रील बघून कल्याणहून आलेल्या पंधरा जणांशी बोलायचं कुणी? भरती-ओहोटी बघून पाग टाकणारा आणि चिखलातून निवट्या, कालवं काढणाऱ्या बाया यांच्या रोजच्या जेवणाची जागा तीच असते.

खाडीचं सगळं पाप हौशी गळवाल्यांच्या माथी मारणं मात्र लबाडीचं होईल. उल्हास नदीतून येणारं कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी, रेतीउपसा, कांदळवनावर टाकलेला भराव, यांनी केलेलं नुकसान कितीतरी मोठं आहे. पण म्हणूनच, जे थोडे मासे तग धरून आहेत त्यांचा पत्ता वाटणं जास्त महागात पडतं.

पक्षीनिरीक्षकांनी यावर तोड काढली आहे. 'ई-बर्ड' या संकेतस्थळावर संवेदनशील प्रजातींची नोंद होते, पण नेमकं ठिकाण इतरांना दिसत नाही. गळवाल्यांनाही ते जमण्यासारखं आहे. मासा दाखवा, लांबी सांगा, मोठा असेल तर पाण्यात सोडतानाचा व्हिडिओ टाका. जागा विचारली तर 'वसईची खाडी' एवढं पुरे. या लेखातही नेमका खांब सांगितलेला नाही, तो उगाच नाही.

आणि पोस्ट करण्याआधी फोटोची मागची बाजू एकदा बघा. लोकेशन बंद केलेलं असतं, पण मागे पुलाच्या खांबावरचा नंबर स्पष्ट वाचता येतो.