बिघडलेले फोटो पुसू नका

विद्यार्थी मित्रांनो, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. मागच्या वेळी तुम्ही पावसाच्या सरीचा, उडत्या पतंगाचा किंवा धावत्या कुत्र्याचा फोटो काढलात, तेव्हा एकूण किती फोटो काढलेत आणि त्यांतले किती ठेवलेत? बहुधा दहा-पंधरा काढले असतील, एक ठेवला असेल आणि बाकीचे तिथल्या तिथे पुसून टाकले असतील. त्यात गैर काही नाही. मित्राला दाखवायला एक चांगला फोटो पुरतो. पण कोणी 'मी फोटोग्राफीत प्रयोग करतो' असे म्हणाले, तर मी त्याला आधी हेच विचारीन, 'पुसलेले फोटो कुठे आहेत?'

माझे म्हणणे असे आहे. कॅमेऱ्याने काहीतरी नवे करून पाहिले एवढ्याने तो प्रयोग होत नाही. काय होईल याचा अंदाज आधी लिहिला, एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि जे जे आले ते सगळे जपून तपासले, तरच तो प्रयोग. चांगला तेवढा ठेवून बाकीचे पुसले, की आपण निसर्गाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच लिहून टाकतो. ही गोष्ट मी माझ्या पदरची सांगत नाही. ती एका भल्या शास्त्रज्ञाने स्वतःच्या चुकीवरून सांगून ठेवली आहे.

त्यांचे नाव आर्थर वर्दिंग्टन. ते इंग्लंडमध्ये भौतिकशास्त्र शिकवत. द्रवाचा थेंब पृष्ठभागावर पडतो तेव्हा त्याचे नेमके काय होते, हा प्रश्न त्यांनी १८७०च्या दशकात हाती घेतला. मौज अशी, की या कामाचा उगम एका शाळकरी मुलाच्या निरीक्षणात होता. रग्बी येथील शाळेतल्या एका विद्यार्थ्याला काजळी धरलेल्या काचेवर शाईचे थेंब पडून उमटलेल्या आकृत्या लक्षवेधक वाटल्या होत्या. आपण शाईचा डाग पडला की पुसायला धावतो. त्या मुलाने तो न्याहाळला!

पडलेला थेंब पसरतो, त्याची कड वर उसळते, कडेला टोके फुटतात आणि सगळे पुन्हा खाली बसते. हा खेळ सेकंदाच्या काही शतांश भागात आटोपतो. डोळ्याला त्यातले काहीच सुटे सुटे दिसत नाही. वर्दिंग्टन यांनी युक्ती केली. खोलीत पूर्ण अंधार करायचा, थेंब सोडायचा आणि ठरवलेल्या क्षणी विजेची ठिणगी पाडायची. त्या क्षणिक उजेडात थेंबाचे जे रूप डोळ्यांपुढे चमकून जाई, ते लगेच कागदावर रेखाटायचे. मग दुसरा थेंब, ठिणगी किंचित उशिरा. पुन्हा तिसरा थेंब, ठिणगी आणखी थोडी उशिरा. अशी एकेक पायरी गोळा करून त्यांनी थेंबाच्या उसळीचा सगळा इतिहास चित्रांत मांडला. ती चित्रे फार देखणी होती. चहूबाजूंनी सारखी टोके, सारखे अंतर, जणू सोनाराने घडवलेला मुकुट.

पुढे १८९४ मध्ये त्यांना ठिणगीच्याच उजेडात या उसळीची छायाचित्रे घेता आली. ती पाहिली आणि त्यांना धक्का बसला. मुकुट होता, पण वेडावाकडा. एक टोक लांब, दुसरे आखूड, एक बाजू उंच तर दुसरी बसकी. मग इतकी वर्षे काढलेली ती नीटस चित्रे कुठून आली? वर्दिंग्टन यांनी आपली जुनी रेखाटने पुन्हा काढून पाहिली. तेव्हा ध्यानात आले, की वेडेवाकडे थेंब त्यांनी पूर्वीही पाहिले होते आणि रेखाटलेही होते. पण प्रत्येक थेंबाचे वाकडेपण वेगळे, तेव्हा हा योगायोगाचा दोष असे मानून त्यांनी ते बाजूला सारले होते. सुबक तेवढे निवडले होते. खोटे काहीच रेखाटले नव्हते, तरी एकूण चित्र मात्र खरे नव्हते.

आपली ही चूक त्यांनी लपवली नाही, सर्वांसमोर मांडली. आणि ती त्यांना सापडली कशामुळे? बाजूला सारलेली रेखाटने त्यांनी फाडून टाकली नव्हती म्हणून! ती फाडली असती, तर आपण कुठे घसरलो हे त्यांना कधीच कळले नसते.

आता याच्याशेजारी दुसरे उदाहरण ठेवू. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हॅरॉल्ड एजर्टन नावाचे विद्युत अभियंते होते. अत्यंत अल्पकाळ लखलखणारा विजेचा दिवा वापरून त्यांनी १९३०च्या दशकापासून दुधाच्या थेंबांची छायाचित्रे घेतली. लाल पृष्ठभागावर उठलेल्या पांढऱ्या मुकुटाचे त्यांचे १९५७ मधले रंगीत छायाचित्र जगभर गाजले. ते पाहून कुणालाही वाटावे, की थेंब नेहमी असाच सुरेख उसळतो. पण ते अनेक वर्षांच्या प्रयत्नांतून निवडलेले चित्र आहे. ही निवड गैर नव्हती. एजर्टन यांनी आपल्या प्रयोगशाळेच्या वह्या काळजीने लिहिल्या होत्या आणि त्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. भिंतीवर लावायचे चित्र एक असेल, पण त्याच्यामागे वही भरलेली होती.

म्हणजे निवड दोन प्रकारची असते. 'हे मला सर्वांत आवडले' ही एक निवड. 'हे असेच घडते' ही दुसरी. पहिली कलावंताची, दुसरी शास्त्रज्ञाची. दोन्ही मानाच्या आहेत. पहिली निवड करून ती दुसरी म्हणून खपवली, की घोटाळा होतो.

आता तुम्ही स्वतः हा थेंबाचा प्रयोग करून पाहा. सामान घरचेच आहे. एक ताट, थोडे दूध, औषधाचा ड्रॉपर, मोजपट्टी आणि घरातल्या मोठ्यांना विचारून घेतलेला फोन. ताटात दुधाचा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा थर करा आणि ताट भर उन्हात ठेवा. ऊन का, ते गणिताने समजेल. ४० सेंटिमीटर उंचीवरून पडलेला थेंब खाली पोहोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे २.८ मीटर असतो. कॅमेऱ्याची झडप १/६० सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्यात थेंब साडेचार सेंटिमीटरांहून अधिक सरकेल आणि फोटोत नुसता पट्टा दिसेल. १/४००० सेकंदात तो ०.७ मिलिमीटर सरकेल, म्हणजे आकार बऱ्यापैकी टिपला जाईल. पण इतक्या थोड्या वेळात पुरेसा प्रकाश आत यायचा, तर उजेड प्रखर हवा. वर्दिंग्टन यांना ठिणगी लागली ती याचसाठी. आपल्याला सूर्य फुकट मिळाला आहे.

फोनमध्ये स्लो मोशनची सोय असेल तर उत्तम. सेकंदाला २४० चित्रे घेणारा फोन सुमारे ४ सहस्रांश सेकंदाला एक चित्र घेतो. फोन ताटाच्या कडेला एका जागी टेकवून पक्का करा. १५ थेंब २० सेंटिमीटरवरून सोडा आणि १५ थेंब ८० सेंटिमीटरवरून. उंची चौपट झाली की वेग दुप्पट होतो, हे नववीतल्या सूत्राने पडताळून पाहा. बाकी सगळे तेच ठेवा. तेच दूध, तोच ड्रॉपर, थराची तीच जाडी. दूध आणि उंची एकदम बदललीत, तर फरक कशामुळे पडला हे कुणालाच सांगता येणार नाही.

पहिला थेंब सोडण्याआधी वहीत दोन गोष्टी लिहा. एक, तुमचा अंदाज. वेग वाढला की मुकुटाची टोके वाढतील, घटतील की तेवढीच राहतील? दोन, निवडीचा नियम. प्रत्येक थेंबाचे कोणते चित्र तपासायचे? उदाहरणार्थ, 'ज्या चित्रात मुकुटाची भिंत सर्वांत उंच असेल, ते'. हा नियम आधी लिहिला, की मग 'हे चित्र छान आले आहे, हेच घेऊ' असे म्हणण्याचा मोह उरत नाही. नंतर ३० थेंबांसाठी ३० ओळी आखा. थेंबाचा क्रमांक, उंची, टोकांची संख्या, बाजू सारख्या की असमान, आणि शेवटी शेरा. थेंब चित्राबाहेर पडला, हात हलला, वारा आला, सगळे शेऱ्यात लिहा. एकही ओळ गाळू नका. समजा १५ पैकी ४ मुकुट चौफेर सारखे निघाले, तर 'थेंबाचा मुकुट सारखा असतो' असे न लिहिता '१५ पैकी ४ सारखे निघाले' असे लिहा. पहिल्या वाक्यापेक्षा दुसऱ्यात किती अधिक माहिती आहे पाहा!

निष्कर्ष मी सांगणार नाही. तो तुमच्या ३० ओळींत असेल.

अंदाज चुकण्यातही केवढा लाभ असतो, याचे एक उदाहरण देतो. सूचिछिद्र कॅमेरा तुम्ही सर्वांनी केला असेल. छिद्र जितके लहान तितकी प्रतिमा रेखीव, असे आपण पाठ केलेले असते. ते काही मर्यादेपर्यंतच खरे आहे. छिद्रापासून २० सेंटिमीटरवर पडदा असलेला डबा घ्या. छिद्र २ मिलिमीटरवरून १ मिलिमीटर आणि मग ०.६ मिलिमीटरपर्यंत आणले, तर प्रतिमा रेखीव होत जाईल. पण ते ०.३ मिलिमीटर केले, की प्रतिमा अंधूक तर होतेच, शिवाय पुन्हा पसरट होऊ लागते. प्रकाश तरंगरूपाने वागतो आणि अगदी बारीक छिद्रातून जाताना कडेला पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. ज्याने 'छिद्र नीट पडले नसावे' असे म्हणून तो चौथा फोटो पुसला, त्याच्या हातून प्रकाशाचा तरंगगुण निसटला. ज्याने ठेवला आणि आणखी तीन छिद्रे पाडून तोच फोटो पुन्हा काढला, त्याला तो गवसला.

इथे कोणी म्हणेल, 'फोटोग्राफी ही कला आहे. तिला असे वहीत कशाला जखडता? सुचेल तसे करू द्या की मुलांना.' जरूर करू द्यावे. हलत्या फोनने दिव्यांच्या रेषा काढाव्यात, काचेच्या पेल्यातून पाहावे, आरशात आरसा धरावा. अशा खेळातूनच प्रश्न सुचतात. पण एखादा परिणाम आवडला आणि तो उद्या पुन्हा साधायचा असला, तर आज काय केले ते लिहिलेले हवे. पूर्वी फिल्मच्या एका रोलवर १२ किंवा ३६ फोटो बसत. रोल धुवायला टाकून उत्तर यायला दिवस लागत आणि प्रत्येक फोटोला पैसे पडत. म्हणून जाणती माणसे प्रत्येक फोटोचा वेळ आणि उजेड टिपून ठेवत. आता फोटोला दमडी पडत नाही, म्हणून आपण टिपणही सोडले आणि फोटोही. खरे तर फुकट फोटोंचा उपयोग अधिक ओळी भरण्यासाठी व्हायला हवा.

आणखी एक सावधगिरी. आजचे पुष्कळ फोन एकदा बटण दाबल्यावर अनेक चित्रे टिपतात, ती एकत्र करतात, डाग घालवतात, कडा उठावदार करतात आणि मग 'फोटो' आपल्या हाती देतात. वर्दिंग्टन यांच्या मनाने जे नकळत केले, ते आता फोन आपल्या वतीने करतो. म्हणून प्रयोगाच्या वेळी फोनमधल्या सुशोभीकरणाच्या सोयी शक्य तितक्या बंद ठेवा आणि कोणती चालू राहिली ते वहीत लिहा.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. आपल्या प्रयोगवह्यांत काय चालते ते आपण सारेच जाणतो. लोलकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ च्या जवळ यायला हवे, म्हणून वाचने 'जमवली' जातात. मुले लबाड असतात म्हणून ती असे करत नाहीत. आपण बरोबर उत्तराला गुण देतो आणि प्रामाणिक वाचनाला देत नाही, म्हणून करतात. अशाने विज्ञान म्हणजे आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी आकडे जुळवणे, एवढेच त्यांच्या मनात ठसते. छायाचित्रांचा प्रयोग इथे कामी येईल. वर्गातल्या ४० मुलांच्या थेंबांचे उत्तर कुठल्याच पुस्तकाच्या मागे छापलेले नाही, तेव्हा जमवणार तरी कशाशी? विज्ञान प्रदर्शनात एखादा गट असा तक्ता घेऊन आला, की त्यात एक झकास फोटो आहे आणि भोवती २९ बिघडलेले, प्रत्येकाखाली कारण लिहिलेले, तर परीक्षकांनी तिथे जरा अधिक वेळ थांबावे. आणि गुण देताना २९ फोटोंना आधी द्यावेत.

मित्रांनो, ऊन चांगले असेल त्या दिवशी ताट मांडा. फोनमध्ये जागा कमी पडली, तर काही गाणी पुसा, पण थेंब पुसू नका.